भट्टीसमोरचं जर-तर

शिवलीला पट्टणशेट्टींनी माझा आवाज जितका चढवला, तितका तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं चढवला नव्हता. आता माझा आवाज चढायला फार काही लागतं असं नाही. गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो, तेव्हा माझा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गालाही फुकटात इंग्रजी मिळायचं. निवृत्त होऊन कोल्हापुरात आलो तेव्हा बायकोला शब्द दिला, की यापुढं कुणाच्या क्रियापदाच्या वाटेला जाणार नाही. तो शब्द पाच महिने टिकला.

माझा जुना विद्यार्थी पृथ्वीराज शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मॅनेजर आहे. तो एक दिवस घरी आला. युरोपातलं गाड्या बनवणारं मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, त्यांची माणसं दर आठवड्याला फोनवर इंग्रजीत चौकशी करणार होती. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या एक बाई येऊन कोअर शॉपचा सुपरवायझर स्वतः बोलून निवडणार होत्या. तेव्हा आमच्या आठ जणांना तेवढं बोलतं करा सर, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हणणार होतो, पण आतून बायकोनंच चहाबरोबर होकार पाठवला. पाच महिने मी दिवसभर घरात होतो, याचा तिला पुरेसा अनुभव आला होता.

वर्ग भरायचा फौंड्रीच्या कँटीनमध्ये, पहिली पाळी सुटल्यावर. आठांच्या यादीत पहिलं नाव शिवलीलाबाईंचं होतं आणि ते त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. वय पंचेचाळीस, माहेर नेसरीकडचं, घरी सासूशी कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. बावीस वर्षं त्या कोअर करत होत्या. ओतलेल्या लोखंडात जिथं पोकळी हवी असते, तिथं साच्यात आधी वाळूचा एक आकार बसवतात आणि मग भोवतीनं रस ओततात. त्या वाळूच्या आकाराला कोअर म्हणतात. तो ओव्हनमध्ये खडखडीत वाळलेला लागतो, कारण ओल राहिली की चौदाशे डिग्रीच्या रसाखाली तिची वाफ होते आणि ती वाट काढते ती रसासकट. कोअर वाळलाय की नाही हे बघायला कंपनीनं मीटर आणला होता. शिवलीलाबाई कोअर उचलून गालाला लावायच्या आणि सांगायच्या. मीटर नंतर तेच सांगायचा.

त्यांच्या हाताखाली शिकलेली तीन पोरं एकेक करून सुपरवायझर झाली होती. दर खेपेला कुणीतरी म्हणायचं, बाईंचं काम एक नंबर, पण इंग्रजी येत न्हाय. या खेपेला तरी ते वाक्य कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी त्या माझ्यासमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. ती जागा त्यांना हवी होती आणि हवी आहे हे सांगायला त्या लाजत नव्हत्या.

पहिले दोन महिने मजेत गेले. बाईंना शब्द पटापट यायचे, काळ यायचे, प्रश्न विचारता यायचे. मग मी जर-तर काढलं. फौंड्रीच्या गुणवत्ता खात्यात दिवसभर दुसरं बोलतात काय? असं झालं तर काय कराल, असं झालं असतं तर काय केलं असतं. मी फळ्यावर तीन खण पाडले. होऊ शकतं त्याला 'विल'. होणार नाही, नुसतं मनात आणायचं, त्याला मागचा काळ आणि 'वुड'. घडून गेलं आणि आता बदलत नाही, त्याला 'हॅड' आणि 'वुड हॅव'. शाळेतल्या पोराला कळेल इतकं सोपं करून सांगितलं आणि शिवलीलाबाईंना म्हटलं, बोला, मी कलेक्टर असते तर.

त्या उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इफ आय बिकम कलेक्टर, आय विल रिपेअर शिरोली रोड."

मी म्हटलं, बिकम नाही, विल नाही. तुम्ही कलेक्टर होणार आहात का? त्यावर त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मीच काहीतरी अभद्र बोललो होतो. "होईन न होईन सर, पण तुम्ही कशाला आत्ताच न्हाय म्हणताय?"

कँटीन हसून हसून लोळलं. मी नेटानं पुढं गेलो. लॉटरी लागली तर, पंख असते तर, राणी असते तर. बाईंचं प्रत्येक चांगलं वाक्य 'विल'मध्येच. पंखांना तेवढा 'वुड' लावायला तयार झाल्या, तोही पंखांचं ओझं मानेला झेपणार नाही म्हणून. तिसऱ्या खणाचं त्यांना काही वावडं नव्हतं, गेलेल्या गोष्टीला धक्का लागत नाही असं त्यांचं मत. मी शिरोलीत आले नसते तर तुमची गाठ पडली नसती सर, हे वाक्य त्यांनी एकही क्रियापद न चुकवता म्हटलं आणि मी घटकाभर विरघळलो.

मग वाईट वाक्यं आली. मी म्हटलं, कोअर ओला निघाला तर. बाई गप्प. साचा फुटला तर. गप्प. रस सांडला तर, म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. माझा आवाज पत्र्याला लागला. तेव्हा त्यांनी अगदी समजुतीच्या सुरात मला सांगितलं, "सर, असलं हितं बोलायचं न्हाय. भट्टी ऐकतीया."

कँटीन आणि भट्टी यांच्यामध्ये चाळीस पावलं आणि एक पत्र्याची भिंत. बाईंचं म्हणणं असं, की घरात वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मग बावीस वर्षं जिच्यासमोर दिवस काढला ती भट्टी मुकी कशी असेल? त्यांच्या घरी तांदूळ संपत नाही, वाढतो. दिवा विझत नाही, शांत होतो. बाहेर पडताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. जी बाई घरात तांदूळ संपू देत नाही, ती भट्टीसमोर साचा फोडणार होय?

मला वाटलं, यामागं काहीतरी दुःख असणार. कुणीतरी कधीतरी बोललं असेल आणि तसं घडलं असेल. मी आवाज खाली आणून, जमेल तितक्या मायेनं विचारलं, की बाई, काय झालं होतं?

"कुठं काय? बावीस वर्षात एक शब्द वाईट बोलले न्हाय, म्हणूनच कायबी झालं न्हाय की."

मी फळा पुसायला डस्टर उचलला. पण आमच्या वर्गात रुद्रेश होता. रुद्रेश म्हणजे रस ओतणारा गडी, अठ्ठावीस-तीस वर्षांचा, लॅडल चालवण्यात पक्का आणि तोंडानं त्याहून. लॅडल म्हणजे क्रेनला टांगलेली रसाची बादली. ती तो अशी झुलवत नेई, की बाळाला जोजवतोय असं वाटावं. तो शिवलीलाबाईंना अक्का म्हणायचा आणि सगळ्यांत जास्त छळायचाही. त्यानं हात वर केला. अक्का, भट्टीला मराठी कळतं हे मान्य, पण इंग्रजी कुठं कळतंय? इंग्रजीत बोला की बिनधास्त.

झालं, तास संपेपर्यंत तेवढाच विषय. एक म्हणाला, भट्टीच्या पॅनेलवरची सगळी बटणं इंग्रजीत आहेत, तिला इंग्रजी येत नसेल तर ती चालू कशी होते? दुसरा म्हणाला, भट्टी बेळगावहून आणलेली, तिला आधी कन्नड. कन्नड असेल तर अक्कांचीच पंचाईत जास्त. तेजस्वी नावाची डिप्लोमा झालेली चुणचुणीत मुलगी वर्गात होती, तीही त्या जागेसाठी उभी होती. तिनं सुचवलं, की संस्कृतमध्ये बोलावं. त्यावर रुद्रेश म्हणाला, ती तर देवाचीच भाषा, ताबडतोब तथास्तु. मी डस्टर आपटला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते रागाचं नव्हतं. शिवलीलाबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण शेवटी त्यांनी निकाल दिला, की मराठी कळतं, कन्नड कळतं, इंग्रजी कळतंय की न्हाय याची खात्री न्हाय, आणि खात्री न्हाय ते कोअरमध्ये चालत न्हाय.

मी घरी येऊन बायकोला हे तावातावानं सांगितलं. तिनं विचारलं, की स्कूटरवर बसल्यावर 'ब्रेक लागला नाही तर' असं तुम्ही कधी म्हणता का? मी म्हटलं, शिव शिव, भलतंच काय. आणि पुढचं जेवण मुकाट्यानं जेवलो.

तरी युरोपातल्या बाई यायच्या आठवडाभर आधी मी शिवलीलाबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. येणाऱ्या बाई चांगलं काही विचारणारच नाहीत. त्यांचं कामच वाईट विचारण्याचं आहे. तुम्ही गप्प राहिलात तर तुमचं बावीस वर्षांचं काम त्यांना दिसणार नाही, तुमचं गप्प राहणं दिसेल.  त्या म्हणाल्या, बघू. त्या 'बघू'त पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली.

युरोपातल्या बाईंचं नाव निघालं मोना. हे कळल्यावर रुद्रेशनं आमच्या गल्लीत दोन मोना हायत, त्यातली कुठली, असं विचारून घेतलं. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर हेल्मेट, पायात आमच्या लोकांसारखेच जाडजूड बूट. कुठं अडलं तर मदतीला म्हणून पृथ्वीराजनं मलाही बोलावलं होतं. मोनाबाईंनी केबिन नको म्हटलं. माणूस जिथं काम करतो तिथंच मी बोलते, असं म्हणून त्या कोअर शॉपच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. समोर तीस पावलांवर भट्टी, पोटात लालबुंद रस. याहून वाईट जागा अख्ख्या महाराष्ट्रात सापडली नसती.

तेजस्वी आधी बोलली. असं झालं तर, तसं झालं तर, सगळ्याला तिच्याकडं सुबक उत्तरं होती, आणि तिनं ती देताना एकदा हळूच भट्टीकडं पाठ केली हे मी पाहिलं. मग शिवलीलाबाई आल्या. मोनाबाईंनी विचारलं, खराब कोअर साच्यात गेला तर तुम्ही काय कराल?

बाईंनी श्वास घेतला आणि सुरू केलं. कोअर कोरडा असेल तर वाफ होणार नाही. वाफ झाली नाही तर छिद्र पडणार नाही. छिद्र पडलं नाही तर तुमचं इंजिन चालेल. इंजिन चाललं तर तुमचा ड्रायव्हर वेळेवर घरी पोचेल. एकापुढं एक 'विल', एकही चूक नाही, आगगाडीचे डबे जोडत जावे तसं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

मोनाबाई शांतपणे म्हणाल्या, आणि कोरडा नसेल तर?

"इट विल बी ड्राय, मॅडम."

मोनाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं वळून सांगितलं, की हे त्यांना नीट समजावा. मला या जागेवर असं माणूस हवंय, जे वाईट बातमी सगळ्यांत आधी आणि मोठ्यानं सांगेल. ज्याला ती तोंडातून काढता येत नाही, त्याच्या भरवशावर मी गाड्या रस्त्यावर आणू शकत नाही. त्यांचं बरोबर होतं. तेच तर मला खुपलं. मी मराठीत सांगितलं आणि शिवलीलाबाईंचा चेहरा पडलेला बघायला नको म्हणून जमिनीकडं बघितलं.

मान वर केली तर बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या ओव्हनजवळच्या रॅककडं. रॅकवर सकाळच्या घाण्यातले उरलेले कोअर ठेवले होते. बाकीचे साच्यांत बसून साचे केव्हाच बंद झाले होते. मला ते सगळे सारखेच काळपट दिसत होते. बाई मोनाबाईंना तिथंच सोडून चालायला लागल्या, मग धावायला लागल्या. एक कोअर उचलला, गालाला लावला. दुसरा लावला. तिकडं रुद्रेशची लॅडल पहिल्या साच्यावर येऊन थांबली होती आणि त्याचा हात चाकावर गेला होता.

"रुद्रेश, ओतू नगंस! ओतलास तर उडंल, तोंडावर येईल तुझ्या!"

मी कित्येक वर्षं ओरडण्यात घालवली आहेत, पण तो आवाज माझ्या नशिबी नाही. अख्खी फौंड्री थांबली. रुद्रेशनं चाक उलटं फिरवलं, लॅडल मागं आली. मोनाबाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी तोंड उघडायच्या आत बाईंनीच वळून इंग्रजीत सांगितलं, "ही पोअर्स तर इट विल ब्लो." मधला 'तर' मराठीच राहिला होता. तशा घाईतही माझ्या मेल्या मास्तरी डोक्यानं नोंद घेतली, की 'वुड' नाही, 'विल'. होऊ शकणाऱ्याचा खण. पंधरा पावलांवरच्या त्या साच्यापाशी ते खरंच होऊ शकत होतं.

रस परत भट्टीत गेला. साचे उघडले. आतले कोअर वरून कडक आणि पोटात ओले होते. पहाटे लाईट गेली होती, ओव्हन मध्येच बंद पडून परत चालू झाला होता आणि घड्याळानं वेळ पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं, फक्त मुलाखतीच्या गडबडीत ते कोअर ना मीटरला लागले होते ना बाईंच्या गालाला. साच्याच्या तोंडाशी, हात-दीड हातावर, रुद्रेश उभा होता. हे सगळ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा तो स्वतः मटकन खाली बसला. मग सगळेच एकदम बोलायला लागले. एकजण उगीचच हसत सुटला, त्याचं बघून दुसरा, आणि पाच मिनिटं ती अख्खी शेड कारण नसताना हसत होती. मीही हसत होतो.

सगळे साचे मोडून, तो घाणा बाजूला काढेपर्यंत दुपार झाली. शिवलीलाबाई मधेच भट्टीसमोर हात जोडून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटून आल्या. काय म्हणालात असं विचारलं, तर माफी मागितली म्हणाल्या.

मोनाबाईंनी नव्या सुपरवायझरचा कागद पुढ्यात घेतला होता, पण सही करायच्या आधी त्यांना घडल्या प्रकाराचा अहवाल हवा होता, शिवलीलाबाईंच्याच हातचा, इंग्रजीत. छापील तक्ता होता. काय दिसलं, काय केलं, आणि केलं नसतं तर काय झालं असतं. पहिले दोन रकाने बाईंनी भराभर भरले. तिसऱ्यापाशी पेन थांबलं. पृथ्वीराज वाकून कुजबुजला, गंभीर दुखापत असं दोन शब्दांत लिहा की, संपलं. बाईंनी मान हलवली. मला उत्तर येत होतं. तिसऱ्या खणाचं वाक्य, मी रात्री झोपेतही सांगितलं असतं. पण समोर कपाळावरची वाळू पुसत रुद्रेश उभा होता, आणि मी आयुष्यात क्वचित करतो ते केलं, गप्प बसलो.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी एक ओळ लिहिली. मी खांद्यावरून वाचली. रस ओतला असता, तर रुद्रेशनं दुपारचा डबा खाल्ला नसता. 'हॅड बीन पोअर्ड', 'वुड नॉट हॅव ईटन', सगळं जिथल्या तिथं.

मोनाबाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "ओन्ली लंच?"

"येस मॅडम. लंच आय रोट. डिनर आय विल नॉट राइट."

मी अर्थ सांगायला पुढं झालो, पण मोनाबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी चष्मा काढला, रुद्रेशकडं बघितलं. मग हळू आवाजात बाईंना विचारलं, की त्यानं आज डबा खाल्लाय का?

तीन वाजून गेले होते. कुणीच खाल्ला नव्हता, रुद्रेशनंही नाही. शिवलीलाबाई अशा दचकल्या, जणू भट्टीवरचं झाकण उघडं राहिलंय. त्यांनी रुद्रेशला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि त्याचा डबा त्याच्यापुढं उघडला. भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी. तो म्हणाला, अक्का, हात तरी धुतो, तर त्याच्या हातावर त्यांनीच बाटलीतलं पाणी ओतलं. तो म्हणाला, भूक मेलीया. त्यावर त्या नुसत्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो जेवायला लागला. तेजस्वी, पृथ्वीराज, मी, क्रेनवाला, सगळे भोवती उभे राहून एका माणसाचं जेवण बघत होतो, आणि खरं सांगतो, इतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही.

मोनाबाईंनी मांडीवर कागद ठेवून सही केली, त्यावर शिवलीलाबाईंचं नाव सावकाश, एकेक अक्षर जुळवत लिहिलं, आणि उठून हसऱ्या चेहऱ्यानं कागद त्यांच्यापुढं धरला. बावीस वर्षं ज्याची वाट बघितली, तो कागद हातभर अंतरावर होता. बाईंनी तिकडं मान वळवली नाही.

"वेट, मॅडम," त्या म्हणाल्या. "अजून अर्धी भाकरी हाय."